१:१८ मापातील मर्सिडीज ३०० एसएल : आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मी मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलचे १:१८ मापाचे, म्हणजे मूळ गाडीच्या अठराव्या हिश्शाएवढ्या लांबीचे, डाय-कास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचे) मॉडेल घेतले. तोवर माझ्या संग्रहात होती ती सगळी १:४३ मापाची आणि दारे न उघडणारी मॉडेले. त्यामुळे जवळजवळ अडीचपट लांब आणि त्यामुळे बरीच जास्त जागा अडवणारे मॉडेल घेण्यात खरोखर अर्थ आहे का, हे मला पाहायचे होते.

मूळ गाडी सुमारे साडेचार मीटर लांब असल्याने हे मॉडेल २५ सेंटीमीटर भरते. १९५४ साली आलेल्या या गाडीची चौकट बारीक नळ्यांची होती आणि ती भक्कम राहावी म्हणून बाजू इतक्या उंच ठेवाव्या लागल्या, की नेहमीची दारे बसवणे शक्य नव्हते. म्हणून छपराला बिजागऱ्या लावून ती वर उघडणारी केली. हे मी कितीदा तरी वाचले होते, पण मॉडेलचे दार उचलून तो रुंद उंबरठा पाहिला तेव्हाच ते नीट उमगले. बॉनेटखालचे सहा सिलिंडरचे इंजिनही मूळ गाडीप्रमाणे एका बाजूला कललेले दाखवले आहे. ते सरळ उभे असते तर बॉनेट एवढे बसके ठेवता आले नसते.

तक्रारीही आहेत. पाचव्या महिन्यात डाव्या दाराची बिजागरी सैल झाली आणि आता ते दार वर टिकत नाही. दारांभोवतीच्या फटी मला पहिल्या दिवसापासून खटकतात, कारण इथली पाऊण मिलिमीटरची फट खऱ्या गाडीत साडेतेरा मिलिमीटरची झाली असती. दारे न उघडणाऱ्या मॉडेलात ही रेघ नुसती कोरलेली असल्यामुळे कितीतरी नाजूक दिसते. शिवाय मऊ टायरांमधील द्रव्य झिरपून पांढऱ्या स्टँडवर चार पिवळट डाग पडले आहेत. ते पुसून जात नाहीत, म्हणून आता चाकांखाली पॉलिएस्टर फिल्मचे तुकडे ठेवतो. रंग मात्र जराही उतरलेला नाही, अर्थात कपाट उन्हापासून दूर आहे.

जॅग्वार ई-टाइपचा जवळजवळ अख्खा पुढचा भाग बॉनेट म्हणून उचलला जातो, त्यामुळे ती गाडी मी १:१८ मध्येच घेईन. सिट्रोएन डीएसची गोष्ट निराळी आहे. तिची सारी शोभा बाहेरच्या वळणात आहे, आणि इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसणारे तिचे सस्पेन्शन कपाटातल्या मॉडेलात तसेही अनुभवता येत नाही, म्हणून ती गेल्याच महिन्यात १:४३ मध्ये घेतली.