पोर्सेलिन व्हेनिअर : टिकतं, पण जोड पक्का असेल तर

नीट बसवलेलं पोर्सेलिन व्हेनिअर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचं चिनी मातीसारखं पातळ आवरण, १०-१५ वर्षं सहज चालतं, आणि त्याचं श्रेय पोर्सेलिनपेक्षा जोडाला जास्त आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची ही पापडी सुटी असताना ठिसूळच. इनॅमलला, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थराला, घट्ट चिकटली की ताण दात पेलतो. म्हणून इनॅमलच्या थरापुरतंच कोरणारा डॉक्टर शोधा. त्याखालचा मऊ थर, डेंटिन, उघडा पडला की पकड सैल होते. व्हेनिअर लिथियम डायसिलिकेटचं (काचेसारख्या मजबूत सिरॅमिकचं) असेल तर चिकटवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, धुऊन सायलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं द्रव्य). दाताला ३७ टक्के फॉस्फरिक ॲसिड, मग रेझिन सिमेंट. यात लाळ लागली तर सगळं कच्चं, तेव्हा रबर डॅमचा (दात लाळेपासून कोरडा ठेवणाऱ्या रबरी पडद्याचा) आग्रह धराच.

पोर्सेलिन पिवळं पडत नाही. डाग धरते ती हिरडीलगतची सिमेंटची कड. मिश्री-तंबाखूवाल्यांना तिथे बारीक तपकिरी रेघ दिसू लागते. टवका बहुधा टोकाला उडतो : सुपारी फोडणं, दातांनी दोरा तोडणं. झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर नाइट गार्डशिवाय (रात्री दातांवर घालायच्या संरक्षक साच्याशिवाय) व्हेनिअर बसवूच नये. उडालेला टवका कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरण्याच्या रेझिनने) झाकता येतो, पण ती डागडुजीच. तडा गेला तर नवंच करावं लागतं आणि कोरलेलं इनॅमल काही परत येत नाही.