एलएमएक्स-७ प्रश्नावली: सात प्रश्नांत वरिष्ठ-कनिष्ठ नात्याची पारख

वरिष्ठ आणि त्यांच्या हाताखाली काम करणारी माणसे यांच्यातील नात्याचा दर्जा जोखण्यासाठी आमच्या विभागात एलएमएक्स-७ (एलएमएक्स म्हणजे ‘लीडर-मेंबर एक्स्चेंज’, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील देवाणघेवाण) ही प्रश्नावली वापरली गेली. जॉर्ज ग्रेन आणि मेरी उल-बीन या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेल्या या प्रश्नावलीत सात प्रश्न असून प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ७ ते ३५ गुण मिळतात. भरायला वेळ लागत नाही, भाषा सरळ आहे. तिच्यामागचा १९७० च्या दशकातला विचार मला आजही पटतो: वरिष्ठ सर्वांशी सारखेच वागतात हे गृहीत धरता येत नाही, कारण काही जण त्यांच्या मर्जीतले होतात आणि बाकीच्यांशी त्यांचा संबंध नेमून दिलेल्या कामापुरताच उरतो.

प्रश्नावलीचे खरे बळ पाचव्या प्रश्नात आहे. तुम्ही अडचणीत सापडलात तर वरिष्ठ स्वतः झळ सोसून तुम्हाला बाहेर काढतील का, असे तो विचारतो. माझ्या एका सहकाऱ्याने आधीच्या चारही प्रश्नांना भरघोस गुण दिले होते. इथे मात्र तो बराच वेळ थांबला आणि त्याने २ गुण दिले. ‘साहेबांना माझ्या अडचणी कळतात, पण वरून जाब विचारला गेला की माझेच नाव पुढे होईल,’ असे तो म्हणाला. जे नाते रोजच्या गोड बोलण्यात भक्कम दिसते, त्याचा कस असा एका आकड्यात उतरतो.

हेच प्रश्न फिरवून वरिष्ठांनाही विचारता येतात आणि ते विचारलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही बाजूंचे गुण फारसे जुळत नाहीत, हे संशोधनातही वारंवार दिसले आहे. ही तफावत समोर ठेवून दोघांनी बोलणे हाच या साधनाचा सर्वांत मोलाचा उपयोग आहे.

उणिवाही आहेत. एकाच बेरजेत जिव्हाळा, निष्ठा, कामातील वाटा आणि व्यावसायिक आदर यांची सरमिसळ होते. या चार बाजू वेगळ्या पाहायच्या असतील तर लिडेन आणि मॅस्लिन यांची १९९८ ची प्रश्नावली अधिक उपयोगी पडेल. गटाची सरासरी तर काढूच नये, कारण तीन मर्जीतले आणि तीन उपेक्षित मिळून आकडा मध्यम येतो आणि दुखणे झाकले जाते.

वार्षिक मूल्यमापनाशी मात्र ही प्रश्नावली जोडू नये. चार-पाच जणांच्या गटात कोणी काय लिहिले हे सहज ओळखू येते, आणि पगारवाढ ज्यांच्या हातात आहे त्यांच्याबद्दल अशा वेळी कोणीही खरे लिहिणार नाही. उत्तरे गोळा करण्याचे काम विभागाबाहेरच्या व्यक्तीकडे द्यावे.