दिवसा झोपणाऱ्यांचे केशरी बोळे : थ्रीएम ११००

मी स्टाफ नर्स आहे. नाइट असली की सकाळी हँडओव्हर देऊन घरी पोचायला नऊ वाजतात आणि दहाच्या ठोक्याला शेजारच्या प्लॉटवर काँक्रीट फोडणारा ब्रेकर सुरू होतो. घर मुलुंडला, गल्लीत एकाच वेळी तीन बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला गेलेल्या. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, दिवसा ती ५५ होते. ज्यांची रात्र दिवसा उजाडते त्या नर्सेस, वॉचमन, मोटरमन यांच्या झोपेचा त्यात हिशेबच नाही. आपली सोय आपणच करायची.

माझी सोय म्हणजे थ्रीएम कंपनीचे ११०० नंबरचे केशरी फोमचे इअरप्लग. मुळात कारखान्यातल्या आवाजासाठी बनवलेले, म्हणून औषधाच्या दुकानापेक्षा हेल्मेट-हातमोजे विकणाऱ्या सेफ्टीच्या दुकानात लवकर सापडतात. फोम मऊ, पुढचं टोक निमुळतं, बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत. याच्या माहितीत किती डेसिबल आवाज अडतो ते सांगणारे दोन आकडे दिसतात, एसएनआर ३७ आणि एनआरआर २९. वस्तू एकच आहे. पहिला आकडा युरोपच्या पद्धतीने मोजलेला, दुसरा अमेरिकेच्या. ऑनलाइन तुलना करताना एका कंपनीचा एसएनआर आणि दुसरीचा एनआरआर समोरासमोर ठेवू नका. शिवाय दोन्ही प्रयोगशाळेतले आहेत. घरी किती आवाज अडेल हे बोळा कानात कसा बसलाय त्यावर ठरतं.

तो बसवायची रीत आहे आणि बहुतेक लोक तिथेच कंटाळतात. आधी हात धुवायचे. बोळा बोटांत वळून सुरकुती न पडता अगदी बारीक करायचा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्यायचा, कानाचा वरचा भाग वर आणि किंचित मागे ओढायचा म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते, मग बोळा सरकवून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धा मिनिट तरी. नुसता दाराशी कोंबलेला बोळा तासाभरात उशीवर सापडतो. पण टोक बोटांत धरता येईल इतकं बाहेर हवंच. काढताना हळूहळू पिळत काढायचा. झटक्याने ओढला तर आत पोकळी तयार होऊन पडद्यावर ताण येतो.

परिणाम? कुकरची शिट्टी, भांडी, रिक्षाचे हॉर्न, जिन्यातल्या गप्पा जवळजवळ नाहीशा होतात. ब्रेकरची धार जाते, घरघर उरते. पायलिंगचा (पायाचे खांब जमिनीत ठोकण्याचा) दणका आणि मिरवणुकीतल्या डीजेचा बेस मात्र पूर्ण थांबत नाही. फोम खालच्या पट्टीचे आवाज कमी अडवतो आणि असली थरथर भिंतीतून, पलंगातून अंगापर्यंत येतेच. सुरुवातीला स्वतःचा श्वास आणि गिळण्याचा आवाज मोठा वाटतो, तो सरावाने मागे पडतो. ज्यांच्या कानात आधीच गुणगुण असते त्यांना मात्र ती शांततेत जास्त जाणवेल.

आता कानाच्या तब्येतीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तेच विचारतात. ईएनटी ओपीडीत काम केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो त्वचेचं रक्षण करतो आणि आतली त्वचा पडद्याकडून बाहेर सरकत वाढते, तिच्याबरोबर मळही बाहेर येतो. जबड्याच्या हालचालीने त्याला मदत होते. रोज सात-आठ तास बोळा घातला की ही वाट अडते आणि मळ थोडा थोडा आत ढकलला जातो. कोणाला काहीच होत नाही. ज्यांना मुळात मळ जास्त येतो त्यांच्या कानाला दडे बसतात. मग लोक बड घालतात, कोमट खोबरेल सोडतात, हेअरपिनने कोरतात आणि राहिलेला मळही पडद्यापर्यंत जातो. ऐकू कमी आलं की सरळ डॉक्टरांना दाखवा. मळ मऊ करण्याचे थेंबही पडदा शाबूत आहे हे पाहिल्याशिवाय नकोत.

दुसरी गोष्ट ओल. पावसाळ्यात ओपीडीत खाजऱ्या कानांची रांग लागायची. दुर्बिणीतून पाहिलं की आत ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी बुरशी दिसायची. आंघोळ करून ओल्या कानात बोळा घालणं म्हणजे त्या बुरशीला आमंत्रण. मी ड्यूटीवरून आल्यावर आंघोळ, नाश्ता आणि कान पूर्ण कोरडे झाल्यावरच बोळे, हा क्रम मोडत नाही. फोमचे बोळे धूतही नाही. ते धुण्यासाठी नाहीतच, आत पाणी राहतं आणि फोम पहिल्यासारखा फुगत नाही. जरा मळकट किंवा कडक वाटला की कचऱ्यात. खोक्याने घेतले तर एक जोडी दोन कटिंग चहाच्या आसपास पडते, तेवढ्यासाठी कानाशी खेळू नये. सुट्टीच्या दिवशी मी बोळे घालत नाही, कानांना मोकळी हवा मिळते.

पडद्याला छिद्र असेल, कान फुटत असेल, ग्रोमेट (पडद्यात घालतात ती बारीक नळी) बसवलेलं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हात लावू नका. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावं. त्यांच्यात बाहेरच्या कानाचा साधा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. दुखलं, ठणकलं, पाणी आलं की त्याच दिवशी बंद.

अलार्मसाठी मनगटावरचा थरथरणारा बँड वापरते. सासूबाईंना सांगून ठेवलंय, हाक मारू नका, खांद्याला हात लावून उठवा. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर दुसरं कोणी जागं असल्याशिवाय दोन्ही कान बंद करू नयेत.

अरुंद कानाच्या बायकांना सगळ्याच मापांचे फोम बसतील असं नाही, कुशीवर झोपल्यावर दाब येऊ शकतो. म्हणून आधी दोन-तीन मापांच्या सुट्या जोड्या आणा, प्रत्येक जोडी घालून उशीवर आडवं होऊन बघा, खोकं नंतर मागवा.