स्पूल पिन की सेरेटेड पिन: हाताला जड कोणती?

किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या छंदात (लॉकपिकिंग) साध्या पिनांचं कुलूप हाताला बसलं की पुढची पायरी सिक्युरिटी पिनांची, म्हणजे असं उघडणाऱ्याला फसवायला मुद्दाम वेगळ्या आकाराच्या केलेल्या पिनांची. त्यात स्पूल आधी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पूल पिन दोऱ्याच्या रिळासारखी, कंबरेत बारीक. ती शिअर लाइनवर, म्हणजे प्लग (किल्लीबरोबर फिरणारा आतला गोल भाग) आणि बाहेरचं कवच यांच्यामधल्या रेषेवर अडकते, प्लग काही अंशांनी फिरतो आणि कुलूप उघडलंच असं वाटतं. पण तिथेच सगळं थांबतं. आता एकेक पिन हलकेच दाबून बघायची. ज्या पिनेवर प्लग उलटा ढकलतोय असं टेन्शन रेंच (प्लगला फिरवायचा जोर देणारी पट्टी) धरलेल्या बोटाला जाणवेल, तीच स्पूल. रेंचवरचा जोर अगदी थोडा सैल करायचा, प्लगला मागे येऊ द्यायचं, पिन वर सरकते आणि बसते. जोर जास्त सोडला तर आधी बसलेल्या पिनाही खाली पडतात, सुरुवातीला हे हमखास होतं. तरी स्पूल फसवते तशी स्वतःचा पत्ताही देते.

सेरेटेड पिन तसा देत नाही. तिच्या अंगावर बारीक खाचा असतात आणि प्रत्येक खाच अडकताना खऱ्यासारखीच टिक्‌ वाजते. पिन बसली की नुसती खाच लागली, हे कळायला मार्ग फार थोडा, कारण प्लग उलटा फिरणं जवळपास नसतंच. इथे जोर पहिल्यापासून हलका हवा आणि प्रत्येक पिन पुन्हा पुन्हा तपासावी लागते. कुलपातल्या पिनांच्या भोकांतही तशाच खाचा असतील, तर काम आणखी कठीण.

सराव मात्र स्वतःच्याच, रोजच्या वापरात नसलेल्या कुलपावर करा.