रामबागेतला ब्रिजचा वर्ग आणि ‘डबल’चे आठ रविवार

इंदूरच्या रामबागेत एका घराच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा वर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात तिथे मी आणि माझ्या थोरल्या वहिनी भिडू म्हणून आठ रविवार बसलो. शुल्क प्रत्येकी दीड हजार रुपये होते आणि विषय एकच होता : दोन्ही पक्ष बोली लावत असताना, म्हणजे कोणता रंग हुकूम धरून किती हात करू हे सांगत असताना, मध्येच येणाऱ्या ‘डबल’चा (मूळ अर्थ : ‘तुमची बोली बुडणार, दंड वाढवा’) अर्थ कसा ओळखावा. ज्यांना मोठ्या पानांचे गुण मोजणे आणि साधी बोली अजून येत नाही, त्यांच्यासाठी हा वर्ग नव्हे. तशी सूचना प्रवेशाच्या वेळी स्पष्टपणे दिली जाते आणि ती मनावर घ्यावी.

आमच्या घरी गणपतीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत ब्रिज होतोच, पण तिथे डबलचा अर्थ शब्दात नसून आवाजात असतो. काकांनी दणक्यात ‘डबल!’ म्हटले की समोरचे बुडणार, आणि दबकत म्हटले की भिडूने तोंड उघडावे, हे लहान मुलांनाही कळते. नियमाने अर्थातच हे चालत नाही. पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येक टेबलावर बोलीची पेटी ठेवली, तिच्यातले डबलचे लाल पान काढून न बोलता समोर मांडले आणि ‘आता सांगा, याचा अर्थ काय?’ असे विचारले, तेव्हा आमच्यापैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही.

सरांची पद्धत पाठांतराची नाही. लाल पान पडले की आपला भिडू आधी काही बोलला आहे का, बोली किती वर गेली आहे आणि प्रतिस्पर्ध्यांना आपसांत जुळणारा रंग सापडला आहे का, हे ते दर वेळी विचारायला लावतात. उजवीकडच्याने एक बदाम म्हटले आणि आपल्या हाती इस्पिकचा एक्का-राणी धरून चार पाने, बदामचे एकच, चौकटची चार आणि किलवरची चार अशी बारा गुणांची पाने असतील, तर डबल म्हणजे ‘उरलेल्या तिन्हींपैकी तुझा रंग सांग’. मधला खेळाडू पास झाला, तर भिडूकडे शून्य गुण असले तरी त्याने बोललेच पाहिजे. या टेकआऊट डबलवर दोन रविवार गेले. माझ्या मते एक पुरेसा होता.

वर्गाचे खरे मोल तिसऱ्या रविवारपासून कळते. भिडूने एक चौकट म्हटले, मधल्याने एक इस्पिक म्हटले आणि आपल्याकडे बदामची चारच पाने व नऊ गुण आहेत. दोन बदाम म्हणण्याइतकी लांबी नाही आणि पास होणे जिवावर येते. अशा वेळची, ‘माझ्याकडे बदाम आहेत’ असे भिडूला सांगणारी डबल म्हणजे निगेटिव्ह डबल. ॲल्विन रॉथ या अमेरिकी खेळाडूने ती १९५७ मध्ये पुढे आणली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियाचा उपग्रह आकाशात गेल्यामुळे तिला ‘स्पुटनिक डबल’ असेही नाव पडले. मात्र ही डबल स्वीकारली की समोरच्याला तिथल्या तिथे दंड करण्याचा मार्ग बंद होतो, आणि हा तिढा सरांनी फार सुरेख सोडवून दाखवला.

तो आम्हाला अनुभवाने कळला. मी एक चौकट म्हटले, डावीकडून व्हल्नरेबल (ज्याचा दंड आणि बक्षीस दोन्ही जास्त मोजतात अशा) पक्षाचे एक इस्पिक आले, वहिनी पास झाल्या, उजवीकडचाही पास, आणि मीही पास झालो. वहिनींच्या हाती इस्पिकचा राजा, गुलाम, दश्शी यांच्यासह पाच पाने होती. समोरचे दोन हातांनी बुडाले आणि आम्हाला २०० मिळाले. मी डबल म्हटले असते तर वहिनी त्यावर पास होऊन ५०० मिळाले असते. सरांनी मला माझ्याच हातातले इस्पिकचे एकुलते पान दाखवले आणि विचारले, ‘बाकीची इस्पिके कुठे असतील?’ माझ्याकडेच तीन-चार इस्पिके असती, तर वहिनींचा पास नुसता दुबळ्या पानांचा ठरला असता. घरी परतताना वहिनी पलासियापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

दंडाच्या मोहाचा हिशेबही फळ्यावर मांडला गेला. व्हल्नरेबल पक्षाने दोन इस्पिकची बोली नेमकी पुरी केली तर त्याला ११० मिळतात. तीच डबल केलेली असेल तर ६७०. काकांना हा आकडा मी मुद्दाम सांगितला.

यानंतर मात्र वर्ग घाईला येतो. जुळणी दाखवणारी सपोर्ट डबल आणि भिडूच्या डबलला उत्तर देणारी रिस्पॉन्सिव्ह डबल एकाच सकाळी उरकल्या गेल्या. सपोर्ट डबलमध्ये ओपनर, म्हणजे पहिली बोली लावणारा, भिडूच्या रंगाची नेमकी तीन पाने सांगतो आणि चार असतील तर सरळ तो रंग वाढवतो, एवढे डोक्यात राहिले. स्लॅमवर, म्हणजे बारा किंवा तेरा हातांच्या बोलीवर, अनपेक्षित पानाची सुरुवात मागणाऱ्या लाइटनर डबलच्या वाट्याला जेमतेम पाव तास आला आणि डबललाही दुप्पट करणाऱ्या रिडबलचा तर उच्चारही झाला नाही. चार-पाचच्या पायरीवरच्या डबल, जिथे नेहमीचा खेळाडू सर्वाधिक गोंधळतो, त्यांच्यासाठी आणखी दोन रविवार हवे होते. झेरॉक्स नोट्समध्ये एका उदाहरणात एकाच हातात चौदा पाने छापली होती. खालच्या गल्लीतल्या स्कूटरींच्या आवाजाची तक्रार मी करत नाही, कारण पोहे-जिलबी तिथूनच येत असे.

एकट्याने प्रवेश घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. रोज वेगळा भिडू मिळाला की अर्थ कळतात, पण ठरत नाहीत. बोलींचे आपसांत ठरलेले अर्थ लिहिण्यासाठी शेवटच्या रविवारी मिळणाऱ्या कराराच्या कागदावर ‘निगेटिव्ह डबल कुठल्या बोलीपर्यंत’ ही ओळ कोरी ठेवलेली असते आणि ती जोडीनेच भरायची असते. मी तीन इस्पिकपर्यंत म्हणतो, वहिनी चार चौकटपर्यंत म्हणतात. सध्या तिथे पेन्सिलीने दोन्ही लिहिले आहे.