ब्रेकची एअर काढायचा हातपंप: बुडबुडे बघून फसू नका

आमच्याकडे ब्रेकची एअर काढायची (ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये शिरलेली, पेडल मऊ करणारी हवा बाहेर काढायची) म्हणजे बाबा चाकापाशी आणि मी पेडलवर. "दाब… धर… सोड." 'धर' म्हटल्यावर त्यांनी निप्पल (चाकापाशी ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू) बंद करेपर्यंत पाय हलवायचा नाही, हा नियम मी बारा वर्षांची असताना शिकले. बाबा गेल्यावर गाडीचं काम मी एकटीच करते, आणि या कामाला दुसरा माणूस लागतो म्हणून हा व्हॅक्यूम हातपंप घेतला. पिस्तुलासारखी मूठ, वर दाबाचा काटा, एक छोटी बाटली, दोन नळ्या आणि निप्पलवर बसवायचे चार-पाच रबरी तुकडे, एवढंच सामान. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ड्रममधले लायनर बाहेर ढकलणारे) गळत होते म्हणून बदलले. लाइन उघडली की हवा शिरणारच, त्यामुळे पंपाची परीक्षा लगेच झाली.

आधी चांगलं सांगते. जुनं ब्रेक ऑइल उपसायला हा पंप फार सोयीचा आहे. मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल लाइनमध्ये ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या) टाकीतलं काळपट ऑइल दोन मिनिटांत बाहेर आलं, एक थेंब रंगावर न सांडता. (सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, हे ऑइल रंग खातं.) नंतर नवीन ऑइल लाइनमधून ओढायलाही एकटीचे हात पुरले. दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी एवढ्यासाठीसुद्धा हा घ्यावा. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि ३.७ टक्के पाणी मिसळल्यावरच्या चाचणीत किमान १५५. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते.

आता खरी गोष्ट. मागचं डावं चाक माझ्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात तिथून केली. (तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा दिला असेल तर तोच पाळा.) पंप मारला, काटा चढला, निप्पल पाव फेरा सैल केलं. नळीत बुडबुडेच बुडबुडे. टाकीत ऑइल ओतत राहिले, पातळी खाली जाऊ दिली नाही. अर्ध्या लिटरच्या वर ऑइल गेलं तरी बुडबुडे थांबेनात. नवीन सिलिंडरच खराब निघाला की काय, अशी शंका येऊन पोटात गोळा आला.

सिलिंडर ठीक होता. निप्पल सैल केलं की त्याच्या आट्यांतून बाहेरची हवा आत येते, आणि पंप ओढतो तेव्हा ती सरळ नळीत जाते. म्हणजे दिसत होती ती ब्रेकच्या लाइनमधली हवा नव्हतीच. निप्पल काढून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले. टोकाचा निमुळता भाग आणि बाजूचं भोक मोकळं ठेवलं, कारण टेपचा तुकडा आत गेला तर नवीनच दुखणं. बुडबुडे एकदम कमी झाले, पण पूर्ण थांबले नाहीत. पंपासोबतच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. नवशिक्या माणसाला कळणार कसं की कुठला बुडबुडा खरा आणि कुठला खोटा?

चारही चाकं झाल्यावर पेडल दाबलं तर अजून मऊ. पहिल्या दाबाला खोल जायचं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं. ड्रमचे लायनर सैल असले तरी असंच होतं, म्हणून आधी लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारे ॲडजस्टर बघितले. ते बरोबर होते. मग भाचीला हाक मारली, पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला आणि बाबांच्या पद्धतीने सुरू केलं. ठोकळा यासाठी की जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल तळापर्यंत नेलं तर आतलं सील कधी न वापरलेल्या गंजक्या भागावर घासून फाटू शकतं. मागच्या उजव्या चाकाला तिसऱ्या दाबाला नळीतून एक लांबलचक बुडबुडा निघाला, जवळजवळ करंगळीएवढा. पेडल तिथल्या तिथे वर आलं.

पंपाने तो का निघाला नाही, यावर मी बराच विचार केला. पंप फार तर एका वातावरणाइतका दाब कमी करू शकतो, पायाने येणारा दाब त्याच्या कित्येक पट असतो. वळणात किंवा सिलिंडरच्या वरच्या कोपऱ्यात अडकलेल्या हवेला असा जोराचा धक्का लागतो, नुसत्या संथ ओढीने ती हलत नाही.

बाकी सामानाचं थोडक्यात: बाटली फार लहान आहे, दर चाकाला दोनदा रिकामी करावी लागली, आणि भरून वाहिली तर ऑइल पंपात शिरतं. रबरी तुकड्यांपैकी एकच माझ्या निप्पलवर घट्ट बसला. काटा मात्र विश्वासू आहे, बंद नळीवर दाब धरून ठेवतो.

म्हणून माझं मत असं. ऑइल बदलायला घ्या, डोळे मिटून घ्या. पण सिलिंडर, कॅलिपर (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) किंवा पाइप उघडला असेल तर शेवटचा हात पेडलनेच मारा आणि चाक फिरवण्याआधी पेडल कडक लागतंय की नाही, हे पायानेच बघा. टाकी पूर्ण रिकामी होऊन एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली असेल, तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून ते युनिट चालवावं लागतं. तिथे हा पंप पुरा पडत नाही.

पुढच्या महिन्यात पुढचे कॅलिपर उघडायचे आहेत. भाचीला सांगून ठेवलंय. "धर" म्हटल्यावर ती अजून घाईने पाय सोडते, म्हणून बंद गाडीत बसवून तिची तालीम चालू आहे.