कापसावर उतरलेली हजारो वर्षं

मी फसलो ते रंगाला भुलून. जुनी दगडी बाणाची टोकं जमवायचा नाद लागून जेमतेम वर्ष झालं होतं, तेवढ्यात ऑनलाइन एक चकमकीचं टोक दिसलं, मधासारखा तपकिरी रंग, खाचांत माती, आणि विकणारा म्हणाला "पूर्ण मिनरलाइज्ड आहे, पॅटिना एवढा जाड म्हणजे हजारो वर्षं नक्की". मिनरलाइज्ड म्हणजे मातीतली खनिजं चढलेला आणि पॅटिना म्हणजे काळाच्या ओघात दगडाच्या पृष्ठभागात झालेला बदल, हे तेव्हा मला धड माहीत नव्हतं तरी मान डोलावली आणि पैसे पाठवून मोकळा झालो.

हातात आल्यावर दोन दिवस खूश. तिसऱ्या दिवशी 10 पट भिंगाखाली धरलं तर खाचेतली माती चमकत होती, डिंकात कालवल्यासारखी. शिवाय रंग दोन्ही बाजूंना अगदी सारखा.

मग वाचायला बसलो (हे आधी करायचं असतं, माहितीये). चकमक म्हणजे बहुतेक सगळं सिलिका. जमिनीतलं पाणी अल्कधर्मी असेल तर वरच्या थरातलं थोडं थोडं सिलिका विरघळून जातं, तिथं अतिशय बारीक छिद्रं राहतात, त्यांत उजेड विखुरतो म्हणून दगड पांढरट-निळसर दिसतो, हाच पॅटिना. पाण्यातलं लोह त्यात मुरलं की पिवळा-तपकिरी, मँगनीज असेल तर काळे डाग, कधी नेच्याच्या पानासारखी नक्षी. म्हणजे खरा रंग दगडाच्या कातडीतच असतो, वरून चोपडलेला नसतो. आणि वस्तू मातीत एका कुशीवर पडून राहिलेली असली तर दोन्ही बाजू बऱ्याचदा वेगळ्या निघतात, चुन्याचं पुट तर कोरड्या प्रदेशात बहुतेक खालच्या अंगालाच. जाडीवरून वय सांगणं ही तर शुद्ध थाप, कारण ते सगळं दगड कसला, माती कसली, पाणी किती यावर ठरतं, काही खरी जुनी टोकं कालच घडवल्यासारखी कोरी दिसतात.

शेवटी कापसावर अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायचं द्रव, वरून चोपडलेला रंग बहुतेक त्यानं सुटतो) घेऊन एक कोपरा पुसला. कापूस चहात बुडवल्यासारखा तपकिरी! खाली करडा, तुकतुकीत, ताजा दगड, आणि टवक्यांच्या कडा बोटाला लागतील इतक्या धारदार.

यापेक्षा बेरकी प्रकारही असतो, खरोखर जुना पॅटिना असलेला दगडाचा तुकडा घेऊन त्याचेच नवे टवके उडवून टोक बनवतात, तिथं अ‍ॅसिटोन काही बोलत नाही, मधला भाग जुनाट आणि कडेचे टवके कोरे असा फरक डोळ्यांनीच पकडावा लागतो. तसं जुन्या लोकांनीही पडलेला दगड उचलून पुन्हा घडवलेला असू शकतो, पण मग त्या नंतरच्या टवक्यांवरही थोडंफार काही चढलेलं आहे का ते बघायचं. आणि हे सगळं फोटोत? फोटोत तर माझंही टोक खरंच वाटत होतं.

विकणाऱ्याला कापसाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "तुम्ही केमिकल लावून पॅटिना घालवलात, आता परत घेता येणार नाही."